विश्लेषण : विमानाचा फ्लॅप वर वळवला की वेग वाढतो का? ह्यूगो युंकर्स यांच्या ‘दुहेरी पंखा’चे गणित काय?

विमान उतरू लागले की खिडकीजवळच्या प्रवाशाला पंखाची मागची कड खाली झुकताना दिसते. तो फ्लॅप. काही लहान विमानांत मात्र हाच फ्लॅप ऐन प्रवासात सरळ रेषेच्याही थोडा वर वळवतात आणि तोही वेग वाढावा म्हणून. वैमानिक याला रिफ्लेक्स म्हणतात. घरच्या घरी जोडता येणाऱ्या अनेक हलक्या विमानांत पंखाच्या मागे सुटी लटकणारी जी अरुंद पट्टी हे काम करते, तिचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मनीत, डेसाउ या शहरात आहे. तेथे ती घडवणारे ह्यूगो युंकर्स यांनी कारकीर्द सुरू केली न्हाणीघरातल्या गॅस गिझरपासून. अखेर त्यांच्याच देशाच्या सरकारने त्यांचे कारखाने, पेटंट आणि नावही काढून घेतले.

ह्यूगो युंकर्स कोण होते?

इंग्रजीच्या प्रभावामुळे आपल्याकडे हे नाव ‘जंकर्स’ असेही लिहिले जाते. त्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी ऱ्हाइनलँडमधील राइट येथे झाला. वडिलांचा कापड व्यवसाय होता आणि घर सात मुलग्यांचे. बर्लिन, कार्ल्सरुहे आणि आखेन येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८८८मध्ये ते डेसाउला आले आणि विल्हेल्म फॉन ओखेलहॉयझर यांच्याबरोबर गॅसवर चालणाऱ्या इंजिनावर काम करू लागले. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन अशी त्या इंजिनाची रचना होती.

इंजिन किती कार्यक्षम आहे हे ठरवायचे, तर आधी त्यात जाळलेल्या गॅसमध्ये उष्णता किती होती हे कळायला हवे. त्यासाठी युंकर्स यांनी उष्मांक मोजणारे उपकरण, कॅलरीमीटर तयार केले आणि १८९२मध्ये त्याचे पेटंट घेतले. या उपकरणात गॅसची जवळजवळ सगळी उष्णता वाहत्या पाण्यात उतरवावी लागे. ते जमल्यावर पुढचा विचार ओघानेच आला. मोजण्यासाठी पाणी तापवता येते, तर आंघोळीसाठी का नाही? १८९५मध्ये ‘युंकर्स अँड कंपनी’ उभी राहिली आणि गॅस गिझर विकू लागली. पुढे त्यांच्या विमान संशोधनाला पैसा पुरवला तो प्रामुख्याने या गिझरच्या धंद्याने. १८९७ ते १९१२ या काळात ते आखेनच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापकही होते.

विमानांकडे ते कसे वळले?

वयाच्या पन्नाशीत. आखेनमधील त्यांचे सहकारी प्राध्यापक हान्स राइसनर स्वतःचे विमान बांधत होते. त्याचे पंख पन्हळी धातूच्या पत्र्याचे करायचे ठरले आणि ते काम युंकर्स यांच्या कारखान्याने केले. त्या काळची विमाने म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि सगळे एकत्र धरून ठेवणाऱ्या तारांचे जाळे. पंख पातळ असत. पातळ पंख स्वतःच्या बळावर टिकत नाही, म्हणून तारा आणि टेकू लागत. प्रत्येक तार हवेत खेचली जाते आणि विमानाला मागे ओढते. उष्णतेचा कण वाया जाऊ न देणाऱ्या अभियंत्याला हे खुपणे साहजिक होते. इंजिनाची शक्ती पंख उचलण्यापेक्षा तारा ओढण्यातच जात होती.

१ फेब्रुवारी १९१० रोजी युंकर्स यांनी एका पेटंटसाठी अर्ज केला. पंख इतका जाड करायचा की त्याला आधार देणारी तुळई त्याच्या पोटातच मावेल. मग इंजिन, इंधन, सामान, शक्य झाल्यास माणसेही पंखातच बसवायची. हवेत उघडे राहील ते फक्त उचल देणारे अंग. जाड पंख जास्त रोध करील, हे तेव्हा बहुतेकांना उघड वाटे. युंकर्स यांनी स्वतःचा वायुबोगदा उभारून त्यात नमुने तपासले. पंखाची जाडी नव्हे, तर त्याचा आकार आणि त्याच्याभोवतीचा पसारा रोध ठरवतो, हे त्यांच्या लक्षात आले.

‘पत्र्याचे गाढव’ उडाले कसे?

१२ डिसेंबर १९१५ रोजी बर्लिनजवळच्या ड्योबेरित्स मैदानावरून युंकर्स जे-१ उडाले. पातळ लोखंडी पत्र्याचे, एकाच जोडीचे पंख असलेले आणि बाहेर एकही तार नसलेले हे विमान. लोकांनी त्याला ‘पत्र्याचे गाढव’ हे नाव दिले होते. अवघ्या १२० अश्वशक्तीच्या इंजिनावर त्याने ताशी सुमारे १७० किलोमीटर वेग गाठला. मात्र लोखंडाच्या वजनामुळे ते रडतखडत वर चढे, त्यामुळे लष्कर खूश नव्हते.

युंकर्स मग ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूकडे वळले. पातळ पत्रा वाकू नये म्हणून त्याला पन्हळ दिली. हीच पन्हळ पुढे त्यांच्या विमानांची ओळख ठरली. तिच्यामुळे मजबुती मिळाली, पण हवा नेमकी पन्हळीच्या दिशेनेच वाहत नसल्याने रोधही वाढला. रोध कमी करण्याच्या ध्यासाने सुरुवात करणाऱ्या माणसाची विमाने अशी खरबरीत कातडीची असावीत, ही गंमतच. पहिल्या महायुद्धात त्यांच्या चिलखती जे-४ विमानाची दोनशेहून अधिक नगे तयार झाली. सरकारने १९१७मध्ये त्यांना डच विमानकार अँथनी फोकर यांच्याबरोबर बळेच भागीदारीत बसवले. ती भागीदारी दोघांनाही मानवली नाही.

त्यांच्या आयुष्यातले कदाचित सर्वांत महत्त्वाचे विमान २५ जून १९१९ रोजी उडाले. एफ-१३ हे संपूर्ण धातूचे पहिले प्रवासी विमान. बंद केबिनमध्ये चार प्रवासी बसत. त्यानंतर तीनच दिवसांनी व्हर्सायचा तह झाला आणि जर्मन विमान उद्योगावर निर्बंधांची कुऱ्हाड कोसळली. तरीही तीनशेहून अधिक एफ-१३ बनली आणि अनेक देशांत पोहोचली.

जाड पंखाने कोणता नवा प्रश्न उभा केला?

वर एक, खाली एक अशा दोन पंखांच्या विमानाला क्षेत्रफळ भरपूर मिळते. युंकर्स यांच्या विमानाला पंखांची एकच जोडी. तेवढ्याच वजनासाठी पंख लहान ठेवले, तर प्रवासात रोध कमी होतो आणि वेग वाढतो. पण त्याच लहान पंखावर उतरायची वेळ आली की विमान जोरात आदळत येते. मैदाने गवताची आणि आखूड होती. ब्रेक यथातथाच.

इथे थोडे गणित पाहावे लागते. पंख जी उचल देतो ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की तोच पंख त्याच कोनात चौपट उचल देतो. उदाहरणादाखल आजचे एक हलके विमान घेऊ. वजन ५५० किलो, पंखाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४६ किलो भार. समुद्रसपाटीजवळ ताशी ७२ किलोमीटर वेगाने हे विमान हवेत टिकवायचे, तर पंखाचा उचल-गुणांक सुमारे १.८ लागतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने जायचे, तर तो फक्त ०.३७ पुरतो. म्हणजे उतरताना पंखाकडून प्रवासाच्या जवळपास पाचपट काम करून घ्यायचे असते.

हे काम दोन गोष्टींनी वाढते. एक म्हणजे पंखाचा हवेशी असलेला कोन. तो फार वाढला की वरच्या पृष्ठभागावरचा प्रवाह तुटतो आणि उचल कोसळते, याला स्टॉल म्हणतात. दुसरी गोष्ट पंखाचा बाक. ओंजळीसारखा बाकदार पंख कमी वेगात हवा चांगली धरतो, पण वेगात तोच बाक अडचण होतो. सपाट पंखाचे नेमके उलट. थोडक्यात, सावकाश उडणाऱ्या विमानाला एक पंख हवा आणि वेगात उडणाऱ्याला दुसरा. फ्लॅप म्हणजे हे दोन पंख एकातच बसवण्याची खटपट.

‘दुहेरी पंख’ म्हणजे नेमके काय?

पंखाची मागची कड बिजागरीवर खाली वळवणे, हा सोपा उपाय इतरांनीही केला होता. अडचण अशी की कड जास्त वळवली की तिच्या पाठीवरचा प्रवाह सुटतो. पुढून येणारी हवा पंखाच्या पाठीवर घासून तोवर दमलेली असते. तिला तीव्र वळण घेता येत नाही.

युंकर्स यांच्या डेसाउ कारखान्यात १९२०च्या दशकात यावर जो तोडगा घडला, त्याला जर्मनमध्ये ‘डोपेलफ्ल्यूगेल’ म्हणजे दुहेरी पंख म्हणतात. फ्लॅप पंखात मावेल असा न ठेवता मागच्या कडेच्या थोडा खाली आणि मागे, सुटा लटकवला. तो स्वतःच एक लहानसा पंख झाला. मुख्य पंख आणि त्याच्यामध्ये एक फट राहिली. पंखाखालची ताजी, जोमदार हवा या फटीतून वर येते आणि फ्लॅपच्या पाठीवरून वाहते. त्यामुळे फ्लॅप बराच खाली वळवला तरी प्रवाह चिकटून राहतो.

हा पंख सर्वाधिक गाजला तो यू-५२ विमानामुळे. १९३०मध्ये एका इंजिनाचे आणि १९३२मध्ये तीन इंजिनांचे रूप उडाले. पंखाच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत ही पट्टी होती. बाहेरचा भाग विमान डावी-उजवीकडे कलते करण्यासाठी, आतला उतरताना वेग कमी करण्यासाठी. अवजड दिसणारे हे विमान ओबडधोबड, आखूड मैदानांवर उतरे आणि तिथून उडे. एर्न्स्ट त्सिंडेल यांच्या देखरेखीखाली त्याचा आराखडा झाला. दुहेरी पंखाचा हेतू उतरण्याचा वेग घटवण्याचा होता, प्रवासाचा वाढवण्याचा नव्हे, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे.

मग तोच फ्लॅप वर का वळवतात?

हा भाग आजच्या हलक्या विमानांचा. उत्तर अमेरिकेत १९८०च्या दशकात आलेल्या किटफॉक्स किंवा झेनिथ सीएच-७०१ यांसारख्या विमानांनी युंकर्स पद्धतीची लटकती पट्टी जशीच्या तशी उचलली. बनवायला सोपी, हलकी आणि कमी वेगात भरवशाची. तिथे एकच पट्टी फ्लॅपचे आणि विमान कलते करणाऱ्या एलेरॉनचे, अशी दोन्ही कामे करते, म्हणून तिला फ्लॅपेरॉन म्हणतात. या विमानांचे पंख आखूड शेतात उतरता यावे म्हणून बऱ्यापैकी बाकदार असतात. समतल प्रवासात तेवढा बाक नको असतो. पट्टी काही अंश वर वळवली की पंखाचा एकूण बाक कमी होतो.

याचा फायदा तीन वाटांनी मिळू शकतो. पहिली वाट पंखाच्या स्वतःच्या रोधाची. प्रत्येक पंखाचा आकार एका ठरावीक उचल-गुणांकाजवळ सर्वांत कमी रोध करतो. बाकदार पंखासाठी हा आकडा मोठा असतो. प्रवासात आपल्याला ०.३७ हवा आणि पंख ०.६ला खूश असेल, तर तो विनाकारण रोध करतो. फ्लॅप वर वळवला की ही खुशीची जागा खालच्या आकड्याकडे सरकते.

दुसरी वाट शेपटीची आणि ती सहसा लक्षात येत नाही. बाकदार पंख विमानाचे नाक सतत खाली पाडू पाहतो. त्याला आवरण्यासाठी शेपटीचा आडवा पंख विमानाचा मागचा भाग खाली दाबतो. हा दाब पंखाच्या दृष्टीने वजनच. न भरलेले सामान वाहून नेण्यासारखा प्रकार. बाक कमी झाला की नाक पाडण्याचा जोर कमी होतो, शेपटीचा दाब कमी होतो आणि पंखाला तेवढी कमी उचल द्यावी लागते. म्हणूनच फ्लॅपेरॉन हलवताच वैमानिकाला दांडीवरचा जोर बदललेला जाणवतो.

तिसरी वाट धडाची. वेगात बाकदार पंखाला फार थोडा कोन लागतो, त्यामुळे विमान नाक खाली घालून चालते आणि धड हवेत तिरके घुसते. फ्लॅप वर घेतला की तेवढीच उचल मिळवायला पंखाचा कोन थोडा वाढवावा लागतो. नाक वर येते आणि धड प्रवाहाशी सरळ होते. अर्थात धड आधीच सरळ चालत असेल, तर या वाटेने तोटाच होईल.

ही युक्ती लटकत्या पट्टीपुरती नाही. अमेरिकेच्या मॉल विमानांत फ्लॅपला उणे ७ अंशांची जागा दिलेली आहे. घरी बांधल्या जाणाऱ्या आरव्ही-१० विमानात ती उणे ३ अंश आहे. स्पर्धेतील ग्लायडर तर वर्षानुवर्षे हेच करतात. वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घालताना फ्लॅप खाली आणि पुढच्या टप्प्याकडे झेपावताना वर.

फायदा प्रत्यक्षात किती?

अपेक्षेपेक्षा कमी. वेगात उडताना रोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणून एकूण रोध ३ टक्के घटला, तरी तेवढ्याच शक्तीत वेग फक्त १ टक्का वाढतो. ताशी १६० किलोमीटरचे १६१.६ होतात. हा फरक वेगदर्शकाच्या काट्यावर दिसेलच असे नाही. वेग तोच ठेवला, तर मात्र ३ टक्के इंधन वाचते आणि लांबच्या प्रवासात ते मोजण्याजोगे असते.

शिवाय हलक्या विमानात एकूण रोधाचा मोठा वाटा पंखाचा नसतोच. चाके, पंखाचे टेकू, इंजिनाला थंड करणारी हवा, दारांच्या फटी यांचा असतो. उघडी चाके तशीच ठेवून फ्लॅपच्या अंशांवर वाद घालणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी मोजून भरणे. ज्या विमानांचे पंख गुळगुळीत आहेत आणि आकार मुळातच फ्लॅप वर घेण्याचा हिशेब धरून आखला आहे, तिथे लाभ खरा दिसतो. नासाने १९८१मध्ये लहान विमानांसाठी असा एक आकार प्रसिद्ध केला आणि लँकेअर या वेगवान विमानाने तो वापरला.

उंचीचाही प्रश्न आहे. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट असते. आपल्या उदाहरणातील विमान तिथे त्याच १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याला ०.३७ऐवजी ०.५ इतका उचल-गुणांक लागतो. म्हणजे खाली उपयोगी पडलेला रिफ्लेक्स वर गेल्यावर निरुपयोगी ठरू शकतो. भरलेल्या विमानालाही हेच लागू. त्यामुळे फ्लॅपची एकच योग्य जागा सांगणाऱ्या सल्ल्यावर फार विसंबू नये. तीच उंची, तेच वजन, इंजिनाची तीच शक्ती ठेवून, वेग स्थिरावेपर्यंत थांबून, वाऱ्याच्या दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय काही कळत नाही.

यात धोका कोणता?

बाक कमी झाला की पंखाची कमाल उचल कमी होते आणि स्टॉलचा वेग वाढतो. प्रवासात याने काही बिघडत नाही. पण फ्लॅप वर असल्याचे विसरून कुणी तसाच उतरायला आला, तर नेहमीचा सुरक्षित वेग आता सुरक्षित राहिलेला नसतो. फ्लॅप पंखाच्या आतल्याच भागात असेल, तर तो वर वळवल्याने आतला भाग कमी उचल देतो आणि भार टोकांकडे सरकतो. टोके आधी स्टॉल झाली की विमान एका बाजूला कोसळू पाहते. म्हणून ज्या विमानाच्या उत्पादकाने उणे अंशांची जागा दिलेली नाही, तिथे स्वतःच्या मनाने बिजागरी वर सरकवणे हा निव्वळ आततायीपणा.

युंकर्स यांचे पुढे काय झाले?

दुहेरी पंख आकाराला येत होता, तोच काळ युंकर्स यांच्या पडझडीचाही होता. १९२२पासून जर्मन लष्कराच्या सांगण्यावरून त्यांनी मॉस्कोजवळ फिली येथे कारखाना चालवला. तो तोट्यात गेला, लष्कराने हात वर केले. कर्जाच्या मोबदल्यात सरकारने त्यांची हवाई वाहतूक कंपनी ताब्यात घेतली. १९२६मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन करून लुफ्त हान्सा स्थापन झाली. १९२८मध्ये त्यांचे ‘ब्रेमेन’ विमान आयर्लंडहून कॅनडाला पोहोचले. विमानाने अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याविरुद्ध, विनाथांबा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. १९२९मध्ये जी-३८ उडाले. त्यात काही प्रवासी खरोखरच पंखाच्या आत बसत आणि पुढच्या कडेतील खिडक्यांतून समोर पाहत. १९१०च्या पेटंटच्या इतके जवळ जाणारे हे विमान. पण अशी दोनच बनली.

पैसा मिळवणे हे युंकर्स यांचे कधीच बलस्थान नव्हते. संशोधनाचे खाते ते व्यापाराच्या खात्यापेक्षा मोठे ठेवत. जागतिक मंदीत कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. तिला वाचवण्यासाठी १९३२मध्ये त्यांनी गिझरचा कारखाना बॉश कंपनीला विकला. विमानांना पोसणारा धंदा गेला. हातात राहिली विमाने आणि पेटंट. या पेटंटची किंमत काय होती, हे अमेरिकेच्या फोर्ड कंपनीला ठाऊक होते. धातूच्या पंखावरून युंकर्स यांनी तिला युरोपात न्यायालयात खेचले आणि खटला जिंकलाही.

जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. हेर्मान ग्योरिंगच्या नव्या हवाई खात्याला लढाऊ विमाने हवी होती आणि त्यासाठी डेसाउचे कारखाने. युंकर्स तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उदारमतवादी विचारांचे. डेसाउत आलेल्या बाउहाउस या कलाशाळेचे त्यांना अगत्य होते आणि नाझींना ती शाळा डोळ्यांत सलत होती. ग्योरिंगचा उजवा हात एरहार्ड मिल्ख हा एकेकाळी युंकर्स यांच्याच हवाई कंपनीत नोकरीला होता. देशद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन जून १९३३मध्ये त्यांच्याकडून पेटंट लिहून घेण्यात आली. ऑक्टोबरमध्ये कंपन्यांचे ५१ टक्के समभाग. त्यांना डेसाउत पाऊल ठेवायला बंदी झाली आणि बव्हेरियात नजरकैदेत ठेवले गेले. उरलेल्या समभागांसाठी तगादा सुरूच होता. तो चालू असतानाच ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, शहात्तराव्या वाढदिवशी, म्युनिकजवळच्या गाउटिंग येथे त्यांचे निधन झाले. बारा मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी तेरेझे यांनी पुढच्या काही महिन्यांत उरलेला हिस्साही सरकारच्या हवाली केला.

‘स्टुका’ त्यांचे विमान होते का?

नाव त्यांचे होते, एवढेच. डुबकी मारून बॉम्ब टाकणारे यू-८७, म्हणजेच स्टुका, सप्टेंबर १९३५मध्ये प्रथम उडाले. तोवर युंकर्स यांच्या मृत्यूला सात महिने झाले होते आणि कंपनी पूर्णपणे सरकारची होती. स्पेन, पोलंड, फ्रान्समध्ये या विमानाने जी दहशत पसरवली, तिच्यामुळे युंकर्स हे नाव जगभर बॉम्बशी जोडले गेले. स्टुकाच्या छायाचित्रात पंखाची मागची कड नीट पाहिली, तर तिथे थोडी खाली आणि मागे लटकलेली तीच पट्टी दिसते. चार हजारांहून अधिक बनलेल्या यू-५२ विमानांचाही युद्धात सैन्य आणि छत्रीधारी जवान वाहण्यासाठी वापर झाला.

गिझरच्या धंद्याचे नशीब वेगळे निघाले. बॉशने तो चालू ठेवला आणि युद्धानंतरही अनेक दशके जर्मनीतील न्हाणीघरांत पाणी तापवणाऱ्या यंत्रांवर युंकर्स हेच नाव झळकत राहिले.